शाल्मली नावाचा खडक

मुलगी पसंत होती. मुलगा तर दोन वर्षं तिच्याच मागे होता, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. कार्यालय, मानपान, जेवणात जिलबी की गुलाबजाम, सगळं चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत ठरून गेलं. अडलं ते नावावर.

"राग मानू नका," मल्हारची आई म्हणाली. ऐश्वर्याबाई शेंडगे. विट्यात सोनं गाळून देण्याचं त्यांचं जुनं दुकान होतं आणि बोलण्यातही त्या भट्टीची धग होती. "पोरगी लाखात एक आहे. पण घरात तिला हाक कशी मारायची, तेवढं तुम्हीच सांगा."

फलटणच्या त्या बैठकीच्या खोलीत मुलीचे वडील दत्ता धायगुडे कपातल्या चहाकडे बघत राहिले. त्यांची थोरली बहीण कुंदा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, पण न बघण्याची तऱ्हा अशी होती की तिला सगळ्यांची नजर अंगावर जाणवली.

"आमच्या भिंतीला लागून शाळा आहे," ऐश्वर्याबाई सांगू लागल्या. "दर शनिवारी तालीम असते. भोंगा वाजतो, बाई ओरडतात, 'शाल्मली!' की पोरं बाकाखाली. कान झाकून, डोकं गुडघ्यात घालून. पहिलीतली पोरंसुद्धा. मागच्या महिन्यात या आमच्या शहाण्याने गच्चीवरून फोनवर हिचं नाव घेतलं. भांडून नाही हो, लाडात, 'अगं शाल्मली' म्हणून! खाली अंगणात खेळणारी सगळी पोरं मातीत पालथी. एकाचा दात पडला."

"दुधाचा होता," मल्हार हळूच म्हणाला.

"दात दुधाचा होता. भीती दुधाची नव्हती." त्यांनी मुलाला तिथल्या तिथे गप्प केलं. "उद्या मी स्वयंपाकघरातून ओरडले, 'शाल्मली, कुकर बंद कर', तर अख्खी गल्ली रिकामी व्हायची. लग्नात नाव बदलायची पद्धत आपल्यात आहेच. आम्ही 'आरोही' काढलंय. चांगलं आहे की नाही?"

"बदला," दत्ता म्हणाला. इतक्या चटकन, की त्याची बायकोसुद्धा दचकली. "आमची हरकत नाही. ते नाव आम्ही ठेवलंच नव्हतं. आमच्या अक्कांनी ठेवलं होतं."

अक्का म्हणजे कुंदा. मग मात्र सगळ्यांनी तिच्याकडे उघडपणे बघितलं.

*

नाव तिनेच ठेवलं होतं, मुलीचंही आणि खडकाचंही.

त्या वर्षी कुंदा माणदेशातल्या एका उजाड टेकडीवरच्या वेधशाळेत नोकरीला होती. पाऊस त्या भागाला कायम चुकवून जायचा, म्हणून आकाश मोकळं असायचं. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायची. तारे जागच्या जागी राहायचे, आणि एखादा ठिपका मात्र जरासा सरकलेला असायचा. जो सरकला तो आपल्या सूर्याच्या घरातला, एवढं साधं गणित. फाल्गुनात अशाच तीन फोटोंत एक मंद ठिपका तिला पुढे पुढे गेलेला दिसला. टेकडीच्या पायथ्याशी काटेसावर फुलली होती, पान एकही नाही आणि फांदी न् फांदी लाल. त्याच आठवड्यात फलटणहून निरोप आला, दत्ताला मुलगी झाली.

बाराव्या दिवशी बारसं. कुंदाने पाळण्यात वाकून भाचीच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि काटेसावरीचं संस्कृतातलं नाव सांगितलं. मागून बायकांनी तिच्या पाठीवर असे बुक्के घातले, की पुढे चार दिवस तिला उताणं झोपवेना. दत्ताची बायको, मंगलवहिनी, बाळंतपणाचा अशक्तपणा विसरून खदखदून हसली होती. ते हसणं कुंदाच्या कानात अजून होतं. आता वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलत असे.

खडकाला नाव मिळायला जास्त वेळ लागला. आकाशात सापडलेल्या गोष्टीला आधी नुसती अक्षरं आणि आकडे मिळतात. तिची कक्षा पक्की ठरली, पुन्हा सांगितल्या जागी ती सापडली, की कायमचा क्रमांक. त्यानंतर ज्याने शोधली त्याला नाव सुचवायचा हक्क. हा खडक चौदा महिन्यांत सूर्याभोवती फिरायचा, पृथ्वीला बारा लागतात. त्यामुळे दोघांची गाठ सात वर्षांनी एकदा पडायची. तो दुसऱ्यांदा दिसला तेव्हा भाची दुसरीत होती. कुंदाने नाव पाठवलं आणि ते मंजूर झालं. शाल्मलीने वर्गात पेढे वाटले. दत्ताने ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं आणि आल्यागेल्याला, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा, "आमच्या पोरीचा तारा" म्हणून दाखवलं. "अरे, तारा नव्हे, लघुग्रह," असं कुंदाने किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "तुझ्यासाठी लघुग्रह. आमच्यासाठी तारा."

भिंतीवर आता त्या चौकटीच्या आकाराचा फिकट डाग तेवढा होता.

*

खडक फसवा निघाला. दर खेपेला तो गणितापेक्षा जरा लवकर यायचा.

कारण कळायला वेळ लागला, पण ते कठीण नव्हतं. उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर कातळावर बसलं की बुडाला चटका बसतो. दिवसभर प्यालेलं ऊन दगड परत देत असतो. हा खडकही तसाच, कोळशासारखा काळा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा. त्याची तापलेली बाजू अंधारात वळली की उष्णता बाहेर टाकायची, आणि टाकताना खडकाला उलटा, नाममात्र रेटा बसायचा. चमचाभर साखरेच्या वजनाएवढा. पण अवकाशात अडवायला काहीच नसतं, आणि तो रेटा क्षणभरही थांबत नव्हता. खडकाची गिरकी उलटी होती, म्हणून रेट्याने त्याचा वेग किंचित मंदावायचा आणि कक्षा आत सरकायची. आतली फेरी लहान, म्हणून तो लवकर यायचा. चमचाभर साखरेने अख्खा डोंगर पृथ्वीच्या वाटेवर आणून ठेवला होता.

शाल्मली कॉलेजात गेली तेव्हा पहिला आकडा जाहीर झाला, हजारात एक. ती एकवीस वर्षांची झाली, खडक पुन्हा जवळून गेला, आणि आकडा शंभरात अकरावर गेला. पुढच्या भेटीला तो पृथ्वीवर पडलाच तर कुठे पडेल, त्याचा पट्टाही नकाशावर उमटला. अरबी समुद्रातून रत्नागिरी, तिथून विटा, सोलापूर, पुढे तेलंगण. फलटण पट्ट्याच्या थोडं बाहेर होतं.

तेव्हापासून विट्यातल्या शेंडग्यांची भट्टी थंड झाली नव्हती. लोक पाटल्या, गोठ, आजीच्या ठुशा आणून ओतायचे आणि सपाट कांड्या घेऊन जायचे. कांड्या न्यायला सोप्या. दागिन्यांची नक्षी वितळताना बघून बायका डोळे पुसायच्या, असं मल्हार सांगायचा.

आणि ते नाव. दोन ठिकाणी शाल्मलीला नोकरीच्या मुलाखतीतच हसून सांगितलं गेलं, "नाव बदललंत की या." बँकेत तिचं नाव पुकारलं आणि रांगेतला एक म्हातारा तिच्या पायाशी थुंकला. तिने घरी येऊन मोरीत चपला धुतल्या. दत्ताने मात्र त्या दिवशी भिंतीवरची चौकट उतरवली.

मग जगातल्या देशांनी मिळून एक यान खडकावर नेऊन आदळवलं. पेपरांनी त्याला धक्कायान म्हटलं. खडक आल्याच्या गड्ड्यासारखा होता, एक जाड अंग आणि त्याला मानेपाशी चिकटलेलं एक बोट. यान जाड अंगावर बसलं. एवढी धूळ उडाली, की पलीकडचं काही दिसेना, आणि धूळ बसायच्या आत खडक सूर्याआड गेला. सूर्याच्या तोंडावर कुठलीच दुर्बीण रोखता येत नाही. धक्का पुरला की नाही, ते खडक पलीकडून बाहेर आल्यावरच कळणार होतं.

तो बाहेर यायचे दिवस आणि लग्नाची तिथी जवळजवळ एकच आली.

*

"तुला वाईट वाटलं ना, आत्या?" शाल्मलीने विचारलं.

पाहुणे गेल्यावर दोघी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. पश्चिमेला नुसता तांबूस धुरळा होता.

"नाव तुझं आहे. मला कशाला वाईट वाटेल?"

"माझं कुठे राहिलं? तू ते त्याला दिलंस आणि ते त्याचंच झालं." ती रागाने बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "त्याच्यावरून काढता नाही का येत?"

"एकदा छापलं की नाही काढत. शंभर वर्षांनी कुणी जुना कागद वाचला तर त्याला तोच खडक सापडायला हवा ना."

"शंभर वर्षांनी!" शाल्मली हसली. "अगं, चार वर्षांनंतरचं बोल आधी."

कुंदाने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघींनी ती झटकली.

"मला नाही बदलायचं," शाल्मली म्हणाली. "कुणी 'आरोही' म्हणून हाक मारली तर मी मागे वळून बघीन, कोण आलंय म्हणून. पण ती पोरं मी बघितलीत, आत्या. मल्हारने नुसतं ओळख करून द्यायला नाव सांगितलं, तर एक चिमुरडी माझ्याकडे बघून रडायला लागली. अशा गावात हे नाव घेऊन कशी नांदू?"

"मग त्या गावात जाऊच नकोस. दोघं इकडे या."

"तो भट्टी सोडत नाही. मी त्याला सोडत नाही." तिने घडी पोटाशी धरली. "खरं सांग. चुकेल ना तो?"

"धक्का नीट बसला असेल तर चुकेल."

"आणि चुकला तर?"

"तर मग ते एका दगडाचं नाव. कोण लक्षात ठेवतंय."

"तसं झालं तर मी तेच ठेवीन," शाल्मली म्हणाली. "सासूबाईंशी भांडेन, पण ठेवीन. पाठराखीण म्हणून तू चल माझ्याबरोबर. बाबा काही म्हणू देत."

नवरीबरोबर सासरी पहिले दोन दिवस सोबतीला जाणारी ती पाठराखीण. सत्तरीच्या बाईला कुणी पाठवत नाही. कुंदा गेली.

*

विट्याच्या घरात माप ओलांडून झालं. लक्ष्मीपूजनाची तयारी मांडली होती. माजघरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, उन्हं अजून दारात होती. पाटावर चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना ऐकवायचं आणि पेढे वाटायचे.

"जीभ दातात धरून लिही रे, अक्षर बरं येईल," एक मावशी म्हणाली.

"बायकोकडे बघून लिहू नको, ताटात बघ," दुसरी.

मल्हारने अंगठी तांदळात टेकवली. 'आ' काढला. शाल्मली मान खाली घालून बसली होती. कुंदाला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली दिसत होती.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरा, मग खोलीतले सगळेच. ओसरीवरून मल्हारचा चुलता धावत आत आला, चपला न काढता.

"चुकली!" तो ओरडला. "शाल्मली चुकली! आत्ता सांगितलं. लांबून जाणार, लांबून!"

बाहेर पहिला फटाका वाजला आणि गल्लीभर आरोळी उठली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ऐश्वर्याबाई होत्या तिथेच खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या. कितीतरी वर्षांत त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं. मग त्या उठल्या, ताटाशी आल्या आणि हाताच्या तळव्याने तो 'आ' पुसून तांदूळ सारखे केले.

"लिही," त्या मुलाला म्हणाल्या. "शाल्मली लिही. आता कुणाच्या बापाला भ्यायचंय?"

शाल्मलीने मान वर केली. ती आत्याला शोधत होती. कुंदा हसली, आणि त्याच वेळी तिच्या हातातला फोन थरथरला. थॉमस डाबरे. वसईचा हा माणूस तिच्या हाताखाली शिकला आणि आता तीच वेधशाळा सांभाळत होता. गलक्यात ऐकू येईना, म्हणून ती मागच्या दाराने बाहेर गेली.

"मॅडम, बातमी कळली?"

"इथे फटाके वाजताहेत, डाबरे. खरी आहे ना?"

"खरी आहे. शाल्मली चुकतेय." डाबरे म्हणाले. "पण ती पुरती नाही राहिली, मॅडम. बोट मोडलंय."

कुंदाने भिंतीचा आधार घेतला. भिंत दिवसभराच्या उन्हाने गरम होती.

"धक्का जाड अंगाला बसला, ते सरकलं," डाबरे सांगत होते. "बोट मानेपाशी तुटलं आणि गिरकीच्या झोकाने उलट्या बाजूला फेकलं गेलं. फार मंद दिसतं, म्हणून ज्यांनी आत्ता जाहीर केलं त्यांना ते सापडलंच नाही. आपल्याला लागोपाठ दोन पहाटे दिसलं. चिलीतल्या दुर्बिणीतून खात्री होतेय. उद्या सकाळी सांगणार."

"किती?"

"सव्वाशे मीटर लांब असेल."

"ते नाही विचारलं."

"शंभरात सत्तर," डाबरे म्हणाले. "अजून वेध हवेत. आकडा खाली येऊ शकतो."

"वरही जातो. पट्टा?"

"जवळजवळ तोच. अरुंद झालाय."

"विटा?"

"मध्यावर."

आतून हशा ऐकू आला. मल्हारला बहुतेक 'ल्म' नीट जमत नव्हतं.

"दुसरं यान?" कुंदाने विचारलं.

"ठरवतील. बांधायलाच दोन वर्षं जातील." डाबरेंनी घसा साफ केला. "मॅडम, मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता. उद्याच्या पत्रकात तुकड्याला नाव लागणार. मसुद्यात 'शाल्मली-दोन' लिहिलंय. मूळ शोध तुमचा, म्हणून विचारायची रीत आहे. वेगळं सुचवायचं असेल तर आत्ताच सांगा. एकदा भोंग्यांवर गेलं की गेलं."

कुंदाने उघड्या दारातून आत बघितलं. ऐश्वर्याबाई दिवा ताटाजवळ धरून उभ्या होत्या. शाल्मली तांदळातलं स्वतःचं नाव वाचत होती. ओटीत घातलेलं मूल कुणीतरी परत मागायला यावं, तशी भीती कुंदाला वाटली. उद्या सकाळी ते नाव परत जाणार होतं, 'दोन' लावून.

फुलाचं नाव द्यावं? नदीचं? कुठलंही दिलं तरी त्या नावाची एखादी पोर कुठेतरी पाळण्यात असणार होती.

"कुंदा लिहा," ती म्हणाली.

"काय?"

"कुंदा. माझं नाव."

"शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, मॅडम. तुम्हीच शिकवलंय आम्हाला. समिती फेटाळेल."

"समिती भरायला महिने लागतात. तात्पुरतं म्हणून लिहा. लोकांच्या तोंडात बसलं की समितीचं कोण ऐकतंय?"

"लोक तुमच्या घरावर दगड मारतील."

"मला नावाने हाक मारणारं आता आहे कोण? आई गेली, दादा गेले. कुणी अक्का म्हणतं, कुणी आत्या. तुम्ही मॅडम म्हणता." तिने दाराकडे पाठ केली. "नाव लहान आहे, डाबरे. पटकन ओरडता येईल."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"लिहितो," डाबरे म्हणाले.

*

ती आत आली तेव्हा नाव लिहून झालं होतं, थोडं वाकडं, पण ठसठशीत.

"आत्याबाई, कुठे गेला होतात?" ऐश्वर्याबाईंनी तिला हाताला धरून ओढलं. "नाव तुम्ही ठेवलेलं, पहिला पेढा तुमचा!" त्यांनी अख्खा पेढा तिच्या तोंडात घातला आणि मोठ्याने हसल्या. "आणि मी केलं तेवढं मनात ठेवू नका हो. पोरांसाठी म्हणाले होते मी."

"बरोबरच म्हणालात," कुंदा कशीबशी म्हणाली. पेढा अजून तोंडातच होता.

शाल्मली उठली. अंगावरचा शालू आवरत तिने आत्याला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे लग्नाची भांडी, आहेराच्या साड्या आणि फुलांच्या रिकाम्या करंड्या पडल्या होत्या. ओसरीवर हलगी सुरू झाली होती.

"फोन कुणाचा होता?"

"डाबरेंचा."

"मग तू अशी का दिसतेस? चुकली ना?"

"तुझं नाव सुटलं," कुंदा म्हणाली. "आता ते तुझ्याकडून कुणी घेत नाही. तेवढं मी बघितलंय."

शाल्मली तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी दुर्बिणीला डोळा लावताना ती असाच श्वास धरून ठेवायची.

"आणि आम्ही?"

कुंदाने तिची सरकलेली मुंडावळी नीट केली. गल्लीतली माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, मुलं ओरडत होती. उद्या सकाळपर्यंत त्यांना तेवढं मिळणार होतं. या दोघांना तेही नाही.

"मल्हारला बोलाव," ती म्हणाली. "आणि दार लावून घे."